विश्लेषण : बारामतीच्या उसाचा ‘एआय’ आणि गार्नेटची चार मिलिग्रॅमची चकती

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या चुंबकांमुळे. जुलैमध्ये बजाज ऑटोने इलेक्ट्रिक वाहनांचे उत्पादन थांबण्याची भीती जाहीरपणे बोलून दाखवली आणि विषय थेट आकुर्डी-चाकणच्या दारात आला.

पण त्या सातपैकी गॅडोलिनियम, टर्बियम आणि यट्रियम ही तीन मूलद्रव्ये आणखी एका वस्तूशी जोडलेली आहेत, आणि तिची बातमी फारशी झाली नाही. ती वस्तू म्हणजे गार्नेट नावाच्या चुंबकीय स्फटिकाची, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान चकती. ऑप्टिकल फायबरमधून लांबवर किंवा फार वेगाने माहिती पाठवणाऱ्या लेसरपुढे ती बसवलेली असते. मोबाइल टॉवरपासून डेटा सेंटरपर्यंतचा आपला सगळा डिजिटल व्यवहार अशा लेसरवर चालतो. बारामती आणि इंदापूरच्या उसाच्या शेतातून निघणारी आकडेवारीही त्याच वाटेने जाते.

उसाच्या फडातील माहिती जाते कुठून?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे एक हजार शेतकरी त्यात होते. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला त्याचा जाहीर उल्लेख केल्यावर बारामतीचा ऊस जगभरच्या बातम्यांत झळकला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरली. पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि साखर कारखानेही यात उतरले.

शेतात दिसते ते थोडेच. जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर, एक छोटे हवामान केंद्र आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर येणारा सल्ला : आज पाणी द्या, उद्या नको, या कोपऱ्यात रोग दिसतो आहे. खरा हिशेब दूरवरच्या क्लाउड केंद्रात, उपग्रहाची चित्रे आणि शेतातले आकडे एकत्र करून होतो. मायक्रोसॉफ्टचे ‘सेंट्रल इंडिया’ या नावाचे क्लाउड केंद्र तर २०१५ पासून पुण्यातच आहे. शेतापासून जवळच्या टॉवरपर्यंत माहिती हवेतून जाते. त्यापुढे मात्र बहुतेक प्रवास जमिनीखालच्या काचेच्या तंतूतून, लेसरच्या प्रकाशावर स्वार होऊन होतो. हे तंतू गावोगाव नेण्यासाठी केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर केली आहे.

चर खणणे, केबल टाकणे, टॉवर उभारणे हे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. केबलच्या दोन टोकांना असलेल्या डब्यांच्या आत काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

परत फिरलेला प्रकाश लेसरला का नको?

फायबरमध्ये सोडलेला प्रकाश सगळाच पुढे जात नाही. जिथे दोन तंतू जोडले आहेत, जिथे कनेक्टरवर धूळ बसली आहे, तिथून थोडा प्रकाश आल्या वाटेने मागे फिरतो. काचेतून हवेत निघताना तर साधारण साडेतीन ते चार टक्के प्रकाश परततो. हा परतलेला प्रकाश लेसरच्या पोटात शिरला की लेसर बिथरतो. त्याची तीव्रता हलू लागते, रंगाची नेमकी लहर सरकते आणि सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होणाऱ्या संदेशात चुका होऊ लागतात.

घरी वायफायसाठी येणाऱ्या फायबरच्या स्वस्त डब्यातला लेसर हे थोडेफार सोसतो. पन्नास-शंभर किलोमीटरवर संदेश धाडणारा किंवा डेटा सेंटरमध्ये एकाच तंतूतून प्रचंड वेगाने माहिती रेटणारा लेसर सोसत नाही. त्याच्यापुढे एकेरी वाहतुकीचा दरवाजा लागतो. प्रकाश बाहेर जाऊ द्यायचा, आत येऊ द्यायचा नाही. या दरवाजाला ऑप्टिकल आयसोलेटर म्हणतात. चांगला आयसोलेटर परतणाऱ्या प्रकाशाचा हजारावा भागही आत पोहोचू देत नाही.

ऐकायला हे सोपे वाटते, पण निसर्गाचा नियम याच्या उलट आहे. ज्या खिडकीतून तुम्ही मला पाहू शकता, त्याच खिडकीतून मीही तुम्हाला पाहू शकतो. काच, भिंग, आरसा यांच्यापैकी कोणतीही जुळणी केली तरी हा नियम मोडत नाही. तो मोडायला चुंबक लागतो.

साखरेला जे जमत नाही ते

इथे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत डोकावू. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. कोणताही कारखाना घ्या. तिथल्या केमिस्टच्या टेबलावर पोलॅरिमीटर असतो. उसाच्या रसापासून मळीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ‘पोल’ मोजला जातो, तो याच यंत्रावर. त्याचे तत्त्व असे : प्रकाशाची लहर एका ठरावीक पातळीत कंप पावत असेल (याला ध्रुवित प्रकाश म्हणतात) आणि ती साखरेच्या द्रावणातून गेली, तर कंपनाची ती पातळी वळते. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर घेऊन २० सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरली, तर पिवळ्या सोडियम प्रकाशाची पातळी सुमारे ३४.६ अंशांनी वळते. साखर कमी, तर वळण कमी. एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, हा २०२५-२६ च्या हंगामाचा दर सगळ्यांना पाठ असतो. त्या उताऱ्यावर कारखान्यात रोज जी नजर ठेवली जाते, ती प्रकाशाच्या या वळण्यावर चालते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

१८४५ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवले की साखर नसली तरी चालते. जड शिशाच्या काचेला चुंबकीय क्षेत्रात ठेवले आणि चुंबकाच्या दिशेने प्रकाश सोडला, तरी त्याची पातळी वळते. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध प्रथमच असा हाती आला. (आजच्या अनेक स्वयंचलित पोलॅरिमीटरमध्ये वळण मोजण्यासाठी फॅरेडे यांच्याच तत्त्वावरचा भाग असतो. साखरेच्या प्रयोगशाळेत तो आधीपासूनच येऊन बसला आहे.)

साखरेचे वळवणे आणि चुंबकाचे वळवणे वरून सारखे दिसते, पण एका बाबतीत उलटे आहे आणि आयसोलेटरचे सगळे रहस्य त्यातच आहे. साखरेचे वळण बांधावरच्या नागमोडी पायवाटेसारखे आहे. जाताना वाट जितकी वळली तितकीच येताना ती उलट वळते आणि तुम्ही निघालेल्या जागी परत येता. प्रकाश साखरेतून ४५ अंश वळून गेला आणि आरशावर आपटून परत आला, तर ते ४५ अंश फिटतात. हिशेब शून्य.

चुंबकाचे वळण मात्र नीरा डाव्या कालव्यासारखे. हा कालवा बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून जातो, तेव्हा तिथल्या वाचकांना हे सांगायला नको. कालव्यात सरळ समोरच्या काठाकडे पोहत निघालात, तर पाणी तुम्हाला दहा हात खाली नेऊन सोडते. परत यायला पोहलात, तर आणखी दहा हात खाली. पाण्याची दिशा तुम्ही जाताय की येताय यावर ठरत नाही. तसेच चुंबकीय गार्नेटमध्ये जाताना ४५ अंश आणि येताना त्याच दिशेने आणखी ४५, असे एकूण ९० अंश होतात. लेसरच्या तोंडाशी ठरावीक पातळीचाच प्रकाश सोडणारी गाळणी बसवली, की ९० अंशांनी फिरून आलेला प्रकाश तिच्यावर अडतो. जाणारा मात्र दुसऱ्या टोकाला ४५ अंशांवर बसवलेल्या गाळणीतून बिनबोभाट निघून जातो.

साखरेच्या नळीला ३५ अंशांसाठी २० सेंटिमीटर लागतात. बिस्मथ मिसळलेल्या लोहयुक्त गार्नेटला ४५ अंशांसाठी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडी पुरते. आणखी एक योगायोग आहे. हे गार्नेट आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश बराचसा शोषून घेते, पण फायबरमध्ये वापरल्या जाणाऱ्या १.३ आणि १.५५ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशाला ते जवळजवळ पारदर्शक आहे. हा योग जुळला नसता, तर लांब पल्ल्याच्या फायबरची गोष्ट वेगळी झाली असती.

ही चकती बनते कशी?

खडीसाखर बनते तशीच, फक्त साखरेच्या पाकाऐवजी वितळलेल्या ऑक्साइडचा पाक आणि दोऱ्याऐवजी दुसऱ्या स्फटिकाची तबकडी. प्लॅटिनमच्या मुशीत शिसे, बिस्मथ आणि बोरॉन यांच्या ऑक्साइडच्या तप्त पाकात लोह आणि दुर्मीळ मृदा विरघळवतात. त्यात गॅडोलिनियम-गॅलियम गार्नेटची चकचकीत तबकडी बुडवून हळूहळू फिरवतात. अणूंची रचना जुळत असल्याने तबकडीवर चुंबकीय गार्नेटचा थर चढू लागतो. अर्धा मिलिमीटर जाडी यायला एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ जातो. तापमान थोडे हलले की थराला तडे जातात. मग खालची तबकडी घासून काढून टाकतात, उरलेल्या थराला दोन्ही बाजूंनी पॉलिश करतात आणि मिलिमीटरभर रुंदीचे चौकोन कापतात.

अशा एका चौकोनाचे वजन ढोबळ हिशेबाने चार मिलिग्रॅम भरते. एक लाख चौकोन म्हणजे जेमतेम ४०० ग्रॅम. इलेक्ट्रिक मोटारीच्या एका मोटरमध्ये एक-दोन किलो चुंबक जातो, त्यापुढे हे काहीच नाही. म्हणूनच कदाचित कोणाचे लक्ष गेले नाही. पण कौशल्य फार लागत असल्याने हे काम जगात मोजक्याच कंपन्या करतात. जपान त्यात जुना. अमेरिकेची कोहेरेंट ही दुसरी मोठी. २०१७ मध्ये तिने, तेव्हा तिचे नाव ‘टू-सिक्स’ होते, न्यू जर्सीतील गार्नेट बनवणारी एक कंपनीच विकत घेतली.

चीनच्या याद्या एकत्र ठेवून पाहिल्या तर

आता चकतीचे घटक आणि चीनचे आदेश शेजारी ठेवू. तबकडीत गॅलियम लागते. त्याच्या निर्यातीला १ ऑगस्ट २०२३ पासून परवाना लागतो. तबकडीत गॅडोलिनियम लागते. ते ४ एप्रिल २०२५ च्या यादीत आहे. थरात बिस्मथ लागते. बिस्मथ धातू आणि त्याची काही संयुगे ४ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात आली. थरात टर्बियम, यट्रियम, गॅडोलिनियम किंवा होल्मियम यांपैकी एक-दोन लागतात. पहिली तिन्ही एप्रिलच्या यादीत, होल्मियम ऑक्टोबरच्या. चकतीभोवती अनेकदा समेरियम-कोबाल्टचा चिमुकला चुंबक बसवतात. समेरियमही एप्रिलच्याच यादीत. उरले लोखंड आणि ऑक्सिजन.

चीनने ही यादी आयसोलेटर डोळ्यांसमोर ठेवून केली असेल, असे मला वाटत नाही. संरक्षण, चुंबक आणि चिप हे त्यांचे लक्ष्य. पण जाळे टाकले की लहान मासेही येतात. ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात आणखी पाच मूलद्रव्ये आली होती आणि त्यांत एर्बियमही होते. लांबच्या फायबरमध्ये क्षीण झालेला प्रकाश पुन्हा तेज करणारे ॲम्प्लिफायर एर्बियमवर चालतात. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियात ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाल्यानंतर हा आदेश १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित झाला. एप्रिलची परवान्याची अट मात्र कायम राहिली.

यामुळे उद्या बारामतीचे इंटरनेट बंद पडणार नाही. बसवलेला आयसोलेटर वर्षानुवर्षे चालतो, तो खर्ची पडत नाही. प्रश्न नव्या उपकरणांचा आहे. एआयच्या डेटा सेंटरांमुळे जगभर ऑप्टिकल ट्रान्सीव्हरची मागणी झपाट्याने वाढते आहे, आणि त्यांच्यासाठी लागणारा लेसर व आयसोलेटर त्याच थोड्या कारखान्यांतून येतो. टंचाईच्या रांगेत पुढे कोण उभे राहते? लाखांनी आगाऊ मागणी नोंदवणारी बडी क्लाउड कंपनी. तालुक्याच्या रिंगसाठी निविदा काढून सर्वांत स्वस्त देकार स्वीकारणारी सरकारी यंत्रणा मागे राहते. म्हणजे उसाला सल्ला देणाऱ्या क्लाउडला माल आधी मिळेल आणि उसाच्या गावाला नंतर.

पातळ थर, प्रकाशाचा पाट

यावर एक तांत्रिक उत्तर पन्नास वर्षे जुने आहे. जाड चकतीतून प्रकाश आरपार सोडण्याऐवजी त्याला पातळ थराच्या आतून, थराच्या लांबीने वाहवायचे. पाटाच्या पाण्याला दोन काठ जसे धरून ठेवतात, तसे थराच्या खालचा आणि वरचा कमी अपवर्तनांकाचा पदार्थ प्रकाशाला थरात धरून ठेवतो. याला वेव्हगाइड म्हणतात. १९७२ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत पी. के. टिएन आणि सहकाऱ्यांनी गार्नेटच्या अशा थरातून प्रकाश नेऊन छोट्या चुंबकीय क्षेत्राने त्याला हवे तसे वळवून दाखवले.

अडचण तिथेच सुरू झाली. पाटात प्रकाश दोन प्रकारे वाहू शकतो, एक आडव्या कंपनाने आणि दुसरा उभ्या. दोघांचा वेग सारखा नसतो. त्यामुळे चुंबक एका प्रकाराला दुसऱ्यात वळवू लागतो न लागतो तोच त्यांची पावले चुकतात आणि झालेले वळण पुसले जाते. चकतीत सहज जमणारे ४५ अंश पाटात जमत नाहीत.

मग संशोधकांनी वळवण्याचा नादच सोडला. चुंबक प्रकाशाच्या वाटेला आडवा ठेवला, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रकाशाच्या वेगात किंचित फरक पडतो. पाटाला दोन चाऱ्या फोडून पुढे पुन्हा एकत्र आणायचे. जाताना दोन्ही चाऱ्यांतील लहरींचे चढ एकमेकांवर पडून प्रकाश पूर्ण मिळतो. येताना एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडून दोन्ही मावळतात. टोकियोतील तेत्सुया मिझुमोतो यांच्या गटाने या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. अमेरिकेच्या एमआयटीतील कॅरोलिन रॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सिलिकॉनच्या चिपवरच गार्नेटचा थर चढवून एकेरी दरवाजा बनवला. सिलिकॉन आणि गार्नेट यांची अणुरचना जुळत नाही, तापल्यावर दोघे वेगवेगळे प्रसरण पावतात. म्हणून तो प्रयोग मोठा मानला गेला.

आजच्या संदर्भात याचे महत्त्व वेगळे आहे. चिपवरचा थर चकतीच्या तुलनेत शेकडो ते हजारपट पातळ असतो, म्हणजे दुर्मीळ मृदा तितकीच कमी लागते. यातील अनेक रचनांमध्ये बिस्मथऐवजी सेरियम मिसळतात. सेरियम चीनच्या यादीत नाही, आणि केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतील दुर्मीळ मृदांमध्ये सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. यट्रियमची गरज मात्र राहतेच. दुसरा तोटा मोठा आहे : चकती प्रकाशाचे काही टक्केच खाते, तर यातील अनेक प्रायोगिक चिप निम्मा किंवा त्याहून अधिक प्रकाश वाटेतच गमावतात. बाजार त्या अटीवर माल घेत नाही. निदान टंचाई नव्हती तोवर घेत नव्हता.

याच चुंबकीय थरांचे इतरही उपयोग आहेत. उच्च दाबाच्या वीजवाहिनीला स्पर्श न करता प्रवाह मोजणे, नोटांवरील चुंबकीय शाई तपासणे, रडारच्या मायक्रोवेव्ह गाळण्या. टर्बियमचे गार्नेट तर लोखंडी पत्रा कापणाऱ्या मोठ्या लेसर यंत्रांतही लागते.

महाराष्ट्राच्या हातात काय आहे?

दिसते त्यापेक्षा जास्त. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूज इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज काचेच्या मूळ कांडीपासून ऑप्टिकल फायबर बनवते. तुर्भेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्ग मोजण्यासाठी गॅडोलिनियम, गॅलियम आणि ॲल्युमिनियमच्या गार्नेटचे मोठे स्फटिक वाढवले गेले आहेत. चकतीच्या तबकडीला लागणाऱ्या स्फटिकाचा तो सख्खा भाऊ आहे. आयआयटी मुंबईत फेराइट आणि यट्रियम-लोह गार्नेटच्या पातळ थरांवर अनेक वर्षे संशोधन झाले. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांसाठी केंद्राची ‘सी-मेट’ ही प्रयोगशाळा आहे. दुर्मीळ मृदा काढणाऱ्या सरकारी ‘आयआरईएल’चे मुख्यालय मुंबईत, प्रभादेवीला आहे. भारतीय मोनाझाइटमध्ये टर्बियम, गॅडोलिनियमसारख्या जड मृदा फार थोड्या निघतात हे खरे. पण ४०० ग्रॅममध्ये लाख चकत्या होत असतील, तर ‘फार थोड्या’चा अर्थ इथे वेगळा लागतो.

सरकारी पैसा मात्र किलोंच्या मागे आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या खनिजांच्या अभियानाला जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी, आणि २६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुर्मीळ मृदांच्या चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली. दुसरीचे लक्ष्य वर्षाला ६,००० टन चुंबक हे आहे. वाहन उद्योगासाठी ते हवेच. गार्नेटला टनांची भाषा लागू पडत नाही. त्याला लागतील दोन-तीन प्लॅटिनमच्या मुशी, तापमान अचूक धरणाऱ्या भट्ट्या आणि पाच-सात वर्षे एकाच कामावर टिकणारी माणसे. तसेच भारतनेटसारखा सरकारी ग्राहक, जो सुरुवातीचा थोडा महाग माल निविदेत नाकारणार नाही. रक्कम चुंबक योजनेच्या तुलनेत किरकोळ असेल. अडते ते इथेच, कारण उत्पादनवाढीला प्रोत्साहन देणाऱ्या योजना टन आणि उलाढाल मोजतात. वर्षाला काही किलो माल बनवणारा उद्योग त्यांच्या तक्त्यात बसत नाही.

दरम्यान बारामती-इंदापुरात २०२५ च्या पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस २०२६-२७ च्या गळीत हंगामात तोडीला येईल. हंगाम साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. एर्बियम आणि होल्मियमवरच्या निर्बंधांना मिळालेली स्थगिती त्याच महिन्याच्या १० तारखेला संपते.